मिस बघूचं ताट

नवा कायदा म्हणजे डोलोरेस गाव्रॉनची दुभती गाय, अशी आवई उठली होती. अ‍ॅरामिंगो अव्हेन्यूवरच्या कापडाच्या दुकानात ती पहिल्यांदा कुणी सोडली ते कळलं नाही, पण मागच्या खोलीत कॉफीच्या यंत्रापाशी ती रोज ताजी मिळायची. म्हणे, ही बाई सुट्टीच्या दिवशी फोन मांडीवर घेऊन बसते. मॅनेजर रसेलचा फोन आला की पहिल्याच घंटीला उचलते आणि त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत "आले" म्हणून टाकते. का? तर फिलाडेल्फियाने कायदा केलाय. मोठ्या साखळी दुकानांनी ड्यूटीचा तक्ता चौदा दिवस आधी लावायचा, आणि एकदा लावला की मालकाने त्यात खाडाखोड केली तर त्या माणसाला एका तासाचा पगार जादा द्यायचा. आयत्या वेळी बोलावलं, जादाचा तास. वेळ इकडची तिकडे केली, जादाचा तास. म्हणजे बाईची चांदीच. एकसष्ट वर्षांची, ना पोर ना बाळ, करते काय एवढ्याचं? गादीत भरते म्हणे.

गादीचं सोडा. फोनचं मात्र खरं होतं.

फक्त तो मांडीवर नसायचा, कारण तो भिंतीवरचा होता. आईच्या वेळचा, पिवळट, वेटोळ्या दोरीचा. आणि जादाचा तास डोलोरेसने आजवर एकदाही घेतला नव्हता. कायद्यात एक साधी सोय होती: बदल माणसाने स्वतःहून मागितला आणि तसं लिहून दिलं, तर मालकाला जादाचं काही लागत नाही. कुणाला भाच्याच्या लग्नाला जायचंय म्हणून त्याने ड्यूटी बदलून घेतली, तर त्याचा भुर्दंड मालकाला कशाला? सरळ गोष्ट. रसेलने या सरळ गोष्टीच्या शंभर झेरॉक्स काढून टेबलाच्या दुसऱ्या खणात ठेवल्या होत्या. दुकानात त्या कागदाला सगळ्या 'राजीखुशीची चिठ्ठी' म्हणायच्या. सही कुठे करायची तिथे पेन्सिलीची फुली आधीच मारलेली असायची.

रसेलचं बोलणं नुसतं लिहून भागत नाही, नाक चिमटीत धरून मोठ्याने वाचावं लागतं. समोरच्याला 'नाही' म्हणायला फट मिळू नये म्हणून तो मधे श्वासच घेत नाही. "हॅलो मिस डोलोरेस रसेल बोलतोय कशा आहात छान छान, एक छोटीशी अगदी बटणाएवढी विनंती होती, आज चार ते नऊ—"

"आले."

"वा वा, म्हणजे तुम्हालाच यायचं होतं, नाही का? स्वतःहून?"

"हो. मलाच."

यात खोटं काही नव्हतं, हीच तर गोम होती.

गल्ल्यावरची योलांडा या चिठ्ठ्यांनी तडकायची. योलांडाचा आवाज रिळांच्या मांडणीपासून पडद्यांच्या भिंतीपर्यंत विनासायास जातो. "मिस डोलोरेस, तुम्ही सही करून घरी जाता हो, आणि तो चिठ्ठी माझ्या नाकापुढे नाचवतो! म्हणे, बघ, गाव्रॉनबाईंना चालतं, तुलाच का काटे टोचतात? हा कायदा यावा म्हणून आम्ही सिटी हॉलसमोर थंडीत उभ्या राहिलोय. माझ्या डाव्या करंगळीला अजून जाग नाही!"

"चुकलं गं बाळा," डोलोरेस म्हणायची. आणि पुढच्या खेपेला पुन्हा फुलीवर सही.

डोलोरेसच्या घरी फोन महिन्यातून आठ-नऊ वेळा वाजायचा. त्यातले दोन गाडीच्या विम्याचे, आणि तिच्याकडे गाडी नव्हती. एखादा पिझ्झावाल्याचा, कारण त्याच्या नंबरात आणि तिच्या नंबरात शेवटच्या आकड्याचाच फरक. एकदा तिने एका माणसाची सगळी ऑर्डर ऐकून घेतली, ऑलिव्ह नकोत, कांदा जास्त, पोरांसाठी वेगळा छोटा, आणि मग सांगितलं की नंबर चुकलाय. तो म्हणाला, "मग हे आधी नाही का सांगायचं, बाई?" उरलेले फोन रसेलचे. "तुमच्याशिवाय आमचं पान हलत नाही," तो म्हणायचा. हेच वाक्य त्याने तेवढ्यातच आणखी तिघींना ऐकवलेलं असायचं आणि तिघींनी "जमत नाही" म्हटलेलं असायचं, हे डोलोरेसला पक्कं ठाऊक होतं. ती चौथी. पण चौथ्यांदा म्हटलेलं वाक्यही ऐकताना पहिल्यासारखंच लागतं, आणि त्यात नाव तर तिचंच असायचं.

घर पोर्ट रिचमंड या पोलिश वस्तीतलं, एकाला एक खेटून उभ्या घरांच्या रांगेतलं. दोन्हीकडच्या भिंती शेजाऱ्यांशी वाटून घेतलेल्या. डावीकडचे टीव्ही बघताना हसले की डोलोरेसलाही हसू यायचं, विनोद काय झाला ते कळायचं नाही. तिची आई दहा वर्षांपूर्वी गेली. त्याआधी घरात दोघी होत्या, आणि त्याच्याही आधी डोलोरेसला बाहेर पुष्कळ माणसं होती. ती कुठे गेली, तर एका शब्दात गेली. तो शब्द म्हणजे 'बघू'.

कायद्याच्या आधी तक्ता शनिवारी संध्याकाळी लागायचा, सोमवारपासूनचा. त्यातही मग फोन यायचे. अशा माणसाने कुणाला काय शब्द द्यायचा? पोलिश चर्चमध्ये डोलोरेस गायची. तालीम दर गुरुवारी. "गुरुवारी येणार ना?" "बघू, तक्ता लागायचाय." दोन वर्षांनी तिच्या जागी दुसरा आवाज आला आणि त्यांनी तिला विचारायचं सोडलं. मंगळवारी पत्त्यांचा डाव असायचा. चौघी लागतात. तीन आणि एक 'बघू' यांनी डाव होत नाही. पाव पोचवणाऱ्या गाडीवर टाडेऊश नावाचा एक सभ्य माणूस होता. त्याने तिला चार वेळा विचारलं, रविवारी नदीकाठी येतेस का? चार वेळा "बघू". पाचव्यांदा त्याने दुसरीला विचारलं. त्याच्या नातीच्या चर्चमधल्या पहिल्या कम्युनियनच्या फ्रॉकसाठी तीन वार पांढरं सॅटिन डोलोरेसनेच कापून दिलं, आणि वर चार बोटं जास्त सोडलं.

तिला 'मिस बघू' हे नाव पडलं ते तेव्हापासून. लहान मुलांनाही तिची नक्कल जमायची: मान किंचित डावीकडे, ओठ आत, डोळे कॅलेंडरवर असल्यासारखे भिंतीवर, आणि मग 'ब' वर जरा थांबून, "ब-घू." तिची मैत्रीण हालिना हिच्या नातीला, म्हणजे हे लिहिणारीला, ती सगळ्यात चांगली जमायची. तिने ती सगळीकडे करून दाखवली आहे, हे इथे कबूल केलेलं बरं.

कापडाच्या टेबलाशी मात्र 'बघू' नसायचं. तिथे डोलोरेस राणी. गिऱ्हाइकाने गठ्ठा आणून ठेवला की ती पहिलं विचारायची, "कशासाठी हवंय?" दुकानाचा तसा नियम नाही. दुसऱ्या मुली "किती?" विचारतात. पण "कशासाठी" विचारलं की माणसं बोलतात. कुणाच्या खिडक्या किती रुंद, कुणाच्या लेकीला कितवा महिना, कुणाच्या नवऱ्याला सोफ्यावर झोपावं लागतं म्हणून त्याला जाड पांघरूण, सगळं तिला तोंडपाठ. अर्ध्या पोर्ट रिचमंडचे पडदे तिने कापले. त्या खिडक्यांतून आत बोलावणारं मात्र एकच घर उरलं होतं, आणि तेही तिने आपल्या हाताने बंद करून घेतलं होतं.

ते घर हालिनाचं. दोघी शाळेपासूनच्या. नाताळच्या आदल्या संध्याकाळी आकाशात पहिली चांदणी दिसली की पोलिश घरांत जेवायला बसतात. बीटाचं सार, त्यात मशरूम भरलेले कानोले, खारवलेला हेरिंग मासा, कोबीच्या करंज्या, शेवटी खसखशीची गुंडाळी. आणि घरात जितकी माणसं असतील त्याहून एक ताट जास्त मांडायचं. न सांगता येणाऱ्यासाठी. वाट चुकलेला कुणी आला तर त्याला दारात उभं राहावं लागू नये म्हणून.

हालिना दर वर्षी विचारायची, "डोला, येणार ना?" आणि डोला दर वर्षी म्हणायची, "बघू." हालिना जेवणारी माणसं जोडीने मोजते, सम आकडा लागतो, विषम झाला की वर्ष वाईट जातं. 'बघू' ला सम म्हणावं की विषम? म्हणून ती डोलोरेसला मोजायचीच नाही. सुटलीच दुकानातून, तर त्या जास्तीच्या ताटावर बसेल. तशी ती बरीच वर्षं बसली. दाराजवळची खुर्ची, पाठीशी कोटांचा ढीग. ताट मात्र तिचं नव्हतं. कुणाचंच नव्हतं. आणि ही गोष्ट तिला आई गेली त्या वर्षीच्या नाताळात काचेतून दिसली.

त्या वर्षी रसेलच्या आधीच्या मॅनेजरने गिऱ्हाईक नाही म्हणून सगळ्यांना तीनलाच घरी काढलं. डोलोरेसने धावतपळत खसखशीची गुंडाळी आणि आईने वाळवलेल्या मशरूमची बरणी घेतली आणि हालिनाच्या पायऱ्यांशी पोचली. खिडकीचा पडदा, तिनेच कापलेला, बाजूला सारलेला होता. आत दाराजवळच्या खुर्चीवर एक माणूस बसला होता. दणकट, कामाच्या कपड्यांतला, हातांना काजळी. हालिनाचा घर ऊबदार ठेवणारा बॉयलर त्या दुपारी बंद पडला होता आणि तो दुरुस्त करून निघालेल्या माणसाला तिने रीतीप्रमाणे बसवून घेतलं होतं. तो सार भुरकत होता आणि सगळे त्याच्या कुठल्याशा गोष्टीवर हसत होते.

दार वाजवलं असतं तर काय झालं असतं? हालिनाने तिसरीकडून खुर्ची ओढली असती, "सरका रे सरका" झालं असतं. डोलोरेसला हे कळत होतं. पण मोजलेल्यांत ती नव्हती, आणि आता न मोजलेल्यांतही जागा भरली होती. ती पाऊल न वाजवता पायऱ्या उतरली. ती गुंडाळी तिला नऊ दिवस पुरली.

हालिनाला वाटलं, कामावर असेल. पुढच्या वर्षी विचारलं तर डोलोरेस "बघू" सुद्धा म्हणाली नाही. "काम आहे गं," म्हणाली. मग दर वर्षीच काम असायचं.

मग कायदा आला. तक्ता चौदा दिवस आधी लागू लागला. योलांडाने आपल्या सुट्ट्यांवर तीन रंगांनी खुणा केल्या: दातांचा डॉक्टर, पोराची मॅच, 'कुणाला काय करायचंय'. डोलोरेसनेही तक्त्याची प्रत घरी नेऊन फ्रिजवर लावली. रविवार मोकळा, बुधवार मोकळा, पुढचा सोमवार मोकळा. ती तक्त्याकडे बघत राहिली. पूर्वी एकटेपणा अचानक यायचा, आता तो चौदा दिवस आधी कळवून येऊ लागला. आणि 'बघू' च्या पायाखालची फळी गेली ती गेलीच. आता कुणी "येणार का?" विचारलं तर तिला उत्तर देता आलं असतं. पण विचारणारं कोण राहिलं होतं? गाणाऱ्यांतले निम्मे गेले, पत्तेवाल्या तिघींतली एक फ्लोरिडाला. म्हणून बुधवारी ती स्वयंपाकघरात भिंतीवरच्या फोनसमोर बसायची, आणि तो वाजला की "आले" म्हणायची. बुधवार एकदाचा भरायचा. रसेलला माणूस मिळायचं, तिला बुधवार. चिठ्ठीवर राजीखुशी लिहिलेलं होतं ते काय उगाच?

दहा डिसेंबरला नाताळच्या आठवड्याचा तक्ता लागला. चोवीस तारखेसमोर लिहिलं होतं: गाव्रॉन, आठ ते दोन.

आणि त्याच दुपारी हालिना कापडाच्या टेबलाशी हजर झाली. पांढऱ्या दमास्कचा गठ्ठा तिने धपकन टाकला. सोबत नात होती, चेहऱ्यावर आधीच हसू घेऊन.

"कशासाठी हवंय?" सवयीने डोलोरेसच्या तोंडून गेलं.

"टेबलावर घालायला. जुनं पार विरलं. किती वार ते तू सांग."

"टेबल तुझं, मी काय सांगू?"

"अगं, माणसं अकरा आहेत," हालिना म्हणाली. "अकरा विषम, माझी झोप उडालीय. बारा झाली तर टेबलाची मधली फळी लावायला लागते, म्हणजे आणखी अर्धा वार. तक्ता मी येताना वाचलाय, भिंतीवर लावलाय, चोरून नाही वाचला. दोनला सुटतेस. आता बोल. कापड एकदा कापलं की कापलं."

डोलोरेसने कापड पसरलं. टेबलाच्या कडेला पितळी पट्टी आहे, तिच्यावर बोट ठेवून अकरा जणांच्या मापापर्यंत नेलं आणि थांबली. कात्री उघडी. मान किंचित डावीकडे झाली. ओठ आत गेले.

"ब-घू," नातीने केलं. हुबेहूब. बाजूच्या रांगेत दोन बायका फिसकन हसल्या.

"कार्टे!" हालिना म्हणाली.

"बाप्ची, मी खरं तेच सांगतेय," नात म्हणाली. आमच्यात आजीला बाप्ची म्हणतात आणि मावशीला चोची. "चोची आज हो म्हणेल. मग चोवीसला रसेलचा फोन येईल, 'हॅलो मिस डोलोरेस रसेल बोलतोय बटणाएवढी विनंती,' आणि चोची तो उचलेल, आणि आपण फळी लावून बसू. अर्धा वार फुकट. मी पैज लावते."

डोलोरेसने तिच्याकडे बघितलं. रागाने नाही. ती कापडाचा पोत बघताना बघते तसं.

"काय लावतेस?"

"माझी खुर्ची! बाप्चीच्या शेजारची, बॉयलरच्या ऊबेची. तुम्ही फोन नाही उचललात तर ती तुमची. मी न्हाणीघरातल्या स्टुलावर बसेन, ज्याचा एक पाय आखूड आहे त्याच्यावर. आणि तुम्ही हरलात तर?"

"हरले," डोलोरेस म्हणाली, "तर पुढच्या वर्षापासून मला विचारू नका. हालिने, तूही नाही. दर वर्षी विचारायचं आणि दर वर्षी ऐकायचं, तुलाही त्रास."

नातीचं हसू जागच्या जागी राहिलं, पण त्याखालचा चेहरा बदलला. पैज परत घ्यावी असं तिच्या मनात आलं, तेवढ्यात डोलोरेसने बोट अर्धा वार पुढे सरकवलं आणि कात्री लावली. दमास्क कापताना करकर आवाज येतो.

"बारा," डोलोरेस म्हणाली, आणि घडी घातली.

चोवीस तारखेला दीड वाजता रसेल टेबलाशी आला. हातात चिठ्ठी, चिठ्ठीवर फुली, कानामागे पेन.

"मिस डोलोरेस कसं चाललंय छान छान, दोघी आल्या नाहीत आज, एकीला ताप, दुसरीला म्हणे कुत्र्याला ताप, तर एक अगदी बटणाएवढी, सहाला दुकान बंदच होतंय, फक्त चार तास—"

"मला जेवायला जायचंय."

रसेलला श्वास घ्यावा लागला. असं त्याच्या बाबतीत फारसं होत नाही. "जेवायला? पण तुमच्या घरी तर… म्हणजे मला वाटलं, तुमचं तसं कुणी…"

वाक्य त्याने अर्धवट सोडलं, पण अर्धवटही पुरेसं होतं. योलांडाचा गल्ला खटकन बंद झाला. डोलोरेसच्या हातात कुणाचा तरी दोन वार फ्लॅनेल होता, तो तिने आधी नीट घडी केला.

"माझं ताट मांडलंय," ती म्हणाली.

"हो हो, अर्थातच. ही नुसती इथे ठेवतो." त्याने चिठ्ठी टेबलावर सरकवली.

"कशासाठी हवंय?" डोलोरेसने विचारलं.

"काय?"

"ही. कशासाठी हवीय?"

रसेलने कानामागचं पेन चाचपलं. तिने चिठ्ठी उचलली, मधोमध दुमडली, पुन्हा दुमडली आणि टेबलाखालच्या तुकड्यांच्या टोपलीत टाकली. तिथे उरलेसुरले कपटे जातात, पावपट किमतीत.

"मग मी घरी फोन करू का जरा वेळाने? तेव्हा बघाल का?" रसेलने विचारलं.

'बघू' ओठांपर्यंत आला. योलांडा शपथेवर सांगते की तिला तो दिसला. डोलोरेसने तो गिळला, कात्री म्यानात घातली, आणि दोनला कार्ड पंच करून बाहेर पडली. मागून योलांडाने आरोळी दिली, "नाताळ सुखाचा जावो, मिस डोलोरेस! माझ्या करंगळीला जाग आली हो!"

साडेचारला बाहेर निळसर झालं होतं. डोलोरेसच्या पायऱ्यांवर बर्फ होता म्हणून हालिनाने नातीला चोचीला हात धरून आणायला पाठवलं. नात पायऱ्या चढली, दार वाजवायला हात उचलला, आणि आत फोन वाजला.

ती थांबली. पैज लावलेली असली की माणूस थांबतो. एक घंटी, दोन. आतून पावलं ऐकू आली, दाराकडे येणारी नव्हेत, स्वयंपाकघराकडे जाणारी. तीन. चार. पावलं थांबली.

आत डोलोरेस कोट घालून फोनसमोर उभी होती. एका हातात मशरूमची बरणी. दुसरा हात तिने फोनवर ठेवला होता. पाच, सहा. तिला माहीत होतं कोण आहे, काय म्हणेल, आणि आपण कितव्या आहोत. पण नाव तो तिचंच घेणार होता. आणि पलीकडे काय होतं? अकरा माणसं, त्यातली निम्मी आता तिच्या ओळखीचीही नव्हती. तिथे बोलायचं काय? इतकी वर्षं कुठे होतीस, कुणी विचारलं तर? इथे नुसतं "आले" म्हणायचं, की सहापर्यंत सरळ कापडाच्या टेबलाशी, जिथे प्रश्न ती विचारते. दहा, अकरा. हा फोन असा वाजू दिला तर पुन्हा वाजेल का? उद्या रसेल दुसरं कुणी चौथं शोधेल. मग बुधवारी काय ऐकायचं?

बाहेर नात मोजत होती. तेरा, चौदा. घंटी मधेच बंद झाली तर उचलला, एवढं साधं. जिंकायला एवढंच पुरे होतं. आणि तिच्या लक्षात आलं की आपण दातांवर दात रोवून म्हणतोय, नको, चोची, नको.

एकोणीस.

कडी निघाली. दारात डोलोरेस, कोटाची सगळी बटणं लावलेली, एक चुकीच्या काजात. मागे फोन वाजतच होता. तिने दार ओढून घेतलं, कुलूप लावलं, आणि किल्ली काढल्यावरही क्षणभर हात दारावरच राहू दिला. दाराआडून तो आता बारीक, खोलीतल्या खोलीत वाजल्यासारखा येत होता. मग थांबला. गल्लीत एकदम शांत झालं.

"थांबला," डोलोरेस म्हणाली. तिचे डोळे भरले होते. तो विजय होता असं दिसत नव्हतं, कुणाला तरी पोचवून आल्यासारखं दिसत होतं.

नातीने तिचा हात धरला. पायऱ्या खरंच निसरड्या होत्या.

रसेलने पुढे सांगितलं की तो फोन कामाचा नव्हताच, नाताळच्या शुभेच्छा द्यायला केला होता. "हो का?" योलांडा म्हणाली. "आणि मी पोप." खरं काय ते डोलोरेसने कधी विचारलं नाही. फ्रिजवरच्या तक्त्यात बुधवार अजून मोकळेच आहेत, आणि फोन पूर्वीपेक्षा कमी वाजतो.

त्या संध्याकाळी फळी लावलेलं टेबल खिडकीपर्यंत आलं होतं. बारा ताटं, आणि दाराजवळ एक जास्तीचं, ज्यावर कुणीही नव्हतं. डोलोरेस बाप्चीशेजारी बसली, बॉयलरच्या ऊबेत, आणि सार निवेपर्यंत त्या रिकाम्या ताटाकडे बघत राहिली. मधेच उठून तिने त्याचा चमचा सरळ केला. दुसऱ्या टोकाला, आखूड पायाच्या स्टुलावर, गुडघे हनुवटीला लावून, एका बाजूला कलत हेरिंग खाणारी जी होती, तिने शेवटी विचारलं, "चोची, पुढच्या वर्षी माझी खुर्ची परत मिळेल ना?"

डोलोरेसने मान किंचित डावीकडे केली. ओठ आत घेतले. भिंतीकडे बघितलं, आणि 'ब' वर थांबली. इतकं हुबेहूब आजवर कुणालाच जमलेलं नाही.